पाळण्यातून पडल्याची गोष्ट

“कानपिळीला कोण उभं राहणार?” रणधीरच्या आत्यानं विचारलं, आणि आमच्या सोप्यातली बोलणी तिथंच अडली.

माझ्या लग्नाच्या याद्यांची बैठक होती. सतरंजीवर एका बाजूला मणेराजुरीचे जमदाडे, म्हणजे माझा होणारा नवरा रणधीर आणि त्याची माणसं, आणि दुसऱ्या बाजूला आम्ही तासगावचे खराडे, म्हणजे खरं तर एकटा जयवंतमामा. माझे वडील, दादा, दोन वर्षांपूर्वी गेले होते आणि त्यांच्यामागे आमच्याकडची सगळी बोलणी आईच्या या भावाच्या गळ्यात पडली होती. मानाच्या साड्या ठरल्या, वाजंत्री ठरली, वरात कुठून कुठं न्यायची हेही ठरलं. आई उंबऱ्याशी बसली होती आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. याद्यांना नवरीनं बाहेर यायचं नसतं. तिनं आतून सगळं ऐकायचं आणि काहीच ऐकलं नाही असं तोंड करायचं.

कानपिळी हा आमच्याकडं भावाचा मान. लग्न लागलं की नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान धरायचा, बहिणीला नीट नांदव म्हणून दम द्यायचा आणि त्याबद्दल कपडे घ्यायचे. चेष्टेचा प्रकार असतो, पण भाऊ असताना दुसऱ्या कुणी कान धरला की मांडवात कुजबुज होते.

“आमचा प्रशांत हाय की,” मामा म्हणाला. “माझा थोरला. सख्ख्यासारखाच.”

“पण सख्खा बी एक हाय म्हणं,” आत्या म्हणाली.

सख्खा होता. निरंजन, बावीस वर्षांचा, माझ्याहून धाकटा. त्या वेळी तो मागच्या खोलीत रेडिओला कान लावून बसला होता आणि खोलीला बाहेरून कडी होती. ती मामानं लावली होती. मी काढायची, मामा परत लावायचा, असं आमचं सकाळपासून चाललं होतं.

मामानं घसा साफ केला आणि तयार करून ठेवलेली गोष्ट सांगितली. निरू दीड वर्षाचा होता. आई त्याला पाळण्यातून उचलत होती, हात निसटला, पोर शहाबादी फरशीवर पडलं. डोक्याला मार बसला, आणि तेव्हापासून तो असा. मामा गोष्ट चांगली सांगतो. रणधीरच्या आत्यानं दोनदा चुकचुक केलं.

“म्हंजे अपघात,” रणधीरचे वडील म्हणाले. त्यांना सगळं मणेराजुरी तात्या म्हणतं. उंच माणूस, पंचवीस एकर द्राक्षबाग, कमी बोलणारा. “रक्तातलं काय न्हाई.”

“छ्या, रक्तातलं कसलं,” मामा म्हणाला.

तात्यांनी आईकडं बघितलं. आईनं पदर सारखा केला आणि खाली बघून म्हणाली, “माझ्याच हातनं झालं.”

सोप्यात सगळ्यांचे खांदे सैल झाले. मला दाराच्या फटीतून दिसलं ते. माझ्या आईनं बावीस माणसांसमोर मान खाली घातली आणि त्या बदल्यात माझं लग्न सुखरूप पार पडायला निघालं.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. निरू पडला होता हे खरं. टेंगूळ आलं होतं तेही खरं, ते चार दिवसांत बसलंही होतं. पण निरू बोलेना, हाक मारली तरी वळून बघेना, फिरत्या पंख्याकडं टक लावून बसायला लागला, आणि गल्लीला कारण सापडलं. त्यानंतर आईला कुणी कधी विचारलं नाही की काय झालं. सगळे तिलाच सांगायचे काय झालं ते. हळदीकुंकवाला आलेली बाईसुद्धा जाताना ‘नीट धरायचं होतंस गं’ असं म्हणून जायची. दादा असं कधी बोलले नाहीत. पण हे खरं नाही, असंही ते कधी बोलले नाहीत, आणि त्याचा मला आजही राग आहे.

मी स्वतः ही गोष्ट मानायचं सोडलं ते मिरजेला. दादा गेल्यावर निरूला मी तिथल्या एका मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. बाईंनी त्याला अर्धा दिवस बसवून घेतलं. तो त्यांच्या टेबलाखालीच बसला, तर त्याही खाली बसल्या. मग मला म्हणाल्या, याला स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम. मी विचारलं, पडल्यामुळं? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. हे पोटात असतानाच सुरू होतं, म्हणाल्या. मेंदूच्या पेशींनी कुठं जाऊन बसायचं, कुणी कुणाशी जोडून घ्यायचं, हे बाळ जन्मायच्या आधीच ठरायला लागतं. त्यामागं एक कारण नसतं. शेकडो जनुकं असतात, प्रत्येकाचा धक्का बारीकसा. काही आईबापांकडून आलेली, काही नव्यानंच बदललेली. बापाचं वय जास्त असलं, मूल दिवस भरायच्या आधी झालं, गरोदरपणात काही ठरावीक औषधं घेतली, तर शक्यता थोडी वाढते. लस टोचल्यानं हे होत नाही, आईनं माया कमी केल्यानं होत नाही, आणि पाळण्यातून पडल्यानं तर नाहीच.

मग त्यांनी मला आणखी एक सांगितलं, ते मला फार पटलं. लहान मुलाच्या मेंदूत लागतात त्याच्यापेक्षा जास्त जोडण्या तयार होतात आणि पुढं मेंदू स्वतःच त्यांची छाटणी करतो. निरूसारख्यांच्या मेंदूत काही ठिकाणी ही छाटणी कमी होते, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. म्हणून आवाज, उजेड, अंगाला लागणारं कापड, सगळं एकाच वेळी आत येतं. “वाटतं, म्हणाले मी,” बाई म्हणाल्या. “सगळं कळलंय असं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्याकडं जाऊ नका.”

मला ते पटलं कारण छाटणी हाच माझा धंदा. मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली, आणि तासगावात एका छोट्या प्रयोगशाळेत काडी तपासायचं काम करायचे. द्राक्षाची बाग वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी. ऑक्टोबरची छाटणी घ्यायच्या आधी बागायतदार आमच्याकडं काड्या घेऊन यायचे. काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आत घड आहे का, कितव्या डोळ्यात आहे, ते दिसतं. रणधीर तिथंच पहिल्यांदा आला, ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळून. नंतर तो गरजेपेक्षा जास्त वेळा काड्या घेऊन यायला लागला आणि आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना कळलं की याच्या बागेत काही बिघडलेलं नाही.

निरूबद्दल मी त्याला सगळं सांगितलं होतं. प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून सांगितलं, पडल्याची गोष्ट खोटी आहे तेही सांगितलं. तो म्हणाला, तात्यांना मी सांगतो. आणि आज तो तात्यांच्या शेजारी मांडी घालून बसला होता आणि सतरंजीचे दोरे मोजत असल्यासारखा खाली बघत होता.

आईलाही मी मिरजेहून आल्यावर सगळं समजावून सांगितलं होतं. तिनं शांतपणे ऐकलं, “बरं” म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी शेजारणीला परत तेच सांगितलं, माझ्या हातनं पडला. मला वाटलं तिला कळलं नाही. याद्यांच्या आदल्या दिवशी पुरणाची डाळ निवडताना मी परत विषय काढला, उद्या मामाला ती गोष्ट सांगू देऊ नकोस म्हणाले. तेव्हा तिनं हात थांबवले.

“पडल्याचंच राहू दे,” ती म्हणाली. “पडणं काय रक्तातनं येत न्हाई.”

तेव्हा मला कळलं की तिला सगळं पहिल्याच दिवशी समजलं होतं. दोष स्वतःवर असला तर तो तिच्यापाशीच थांबत होता. खरं सांगितलं तर तो माझ्यापर्यंत येणार होता. दुसऱ्यांच्या आया मुलीला सोनं घालतात. माझ्या आईनं स्वतःची बदनामी जपून ठेवली होती, माझ्या लग्नात द्यायला.

आणि आता ती उंबऱ्याशी बसून ती देत होती.

मी मागच्या खोलीपाशी गेले आणि कडी काढली. निरू रेडिओ घेऊन उठला. त्याला हात धरलेला चालत नाही, पण माझ्या पदराचं टोक तो धरतो. तसेच आम्ही दोघं सोप्यात आलो. मामा अर्धवट उठला आणि परत बसला.

“हा निरंजन,” मी म्हणाले. “माझा सख्खा भाऊ. कानपिळीचा मान याचा आहे. कान पिळायला त्याला आवडणार नाही, तेव्हा तो नुसता उभा राहील. पण उभा तोच राहील. आणि दुसरं, तो पडल्यामुळं असा झालेला नाही. तो जन्मतःच असा आहे.”

“उर्मे,” मामा दबक्या आवाजात म्हणाला, “आत जा.”

मी गेले नाही. निरू भिंतीकडं तोंड करून पंख्याखाली बसला. त्याला शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम फार आवडतो आणि त्यातली वाक्यं तो जशीच्या तशी म्हणतो. तो म्हणाला, “येत्या दोन दिवसांत हवामान ढगाळ राहील. बागायतदारांनी फवारणी टाळावी.” आत्याला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं.

तात्या मात्र माझ्याकडंच बघत होते. त्यांना राग आला नव्हता. ते थांबले होते, पुढं काय म्हणते बघू म्हणून. मला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगायचं होतं, जनुकं आणि पेशी आणि जोडण्या, आणि मला कळत होतं की त्यातलं एकही वाक्य या सतरंजीवर टिकणार नाही. मग मला येतं तेच मी काढलं.

“तात्या, तुमच्या काड्या आमच्याकडं येतात. घड कधी ठरतो?”

“ह्ये काय विचारतीस,” ते म्हणाले. “खरड छाटणी झाली की उन्हाळ्यात. डोळ्यातच ठरतो.”

“आणि दिसतो कधी?”

“ऑक्टोबरची छाटणी घेतल्यावर.”

“मग घड बाहेर आलेला दिसला, त्याच दिवशी बागेत एखादी बाई पाय घसरून पडली, तर घड तिच्यामुळं असा आला म्हणाल?”

आता आत्या उघड हसली. तात्यांच्या मिशीतही हसू आलं. मला वाटलं, जिंकले. माझ्या अंगात एकदम बळ आलं आणि मी म्हणाले, निरूचंही तसंच आहे. दिसायला लागलं दीड वर्षांनी, ठरलं होतं त्याच्या कितीतरी आधी.

तात्यांचं हसू हळूहळू गेलं. “म्हंजे डोळ्यातच हुतं म्हणायचं.”

“हो.”

“मग पोरी, आम्ही काडी तपासतो कशाला? कुठली ठेवायची आणि कुठली काढायची, ते ठरवायलाच की.”

मी माझ्याच हातानं माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. आणि ते हे चिडून बोलले नव्हते, त्यामुळं तर ते जास्त लागलं. बागेत उभं राहून सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

“तपासा की मग,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. “पण माझीच एकटीची का? निरू झाला तेव्हा दादा सत्तेचाळीस वर्षांचे होते. दिवस भरायच्या आधी झाला तो. त्यानंही शक्यता वाढते असं डॉक्टर सांगतात. दादांचं वय गावात कुणी कधी काढलं? आईचे हात तेवढे काढले. आणि दादांचा दोष होता असंही मी म्हणत नाही. कुणाचाच नव्हता. माझ्या मुलांत हे येईल का, मला माहीत नाही. शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त आहे. बहुतेक येणारही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली धरून ते बघता येत नाही, बघता आलं असतं तर मीच बघितलं असतं. पण आलं, तर तुमच्या घरात पहिला प्रश्न कुठला निघेल ते मला नक्की माहीत आहे. कुणाच्या हातनं पडलं? आणि तेव्हा हात माझे असतील.”

रणधीरनं मान वर केली. पण बोलली आई.

ती उंबऱ्यावरून उठली. बैठकीत ती उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. पदर खांद्यावरून घसरला होता आणि तिनं तो ओढून घेतला नाही.

“पडला त्ये खरं हाय,” ती तात्यांना म्हणाली. “पण पडायच्या आधी दोन-तीन महिने त्यानं मला आई म्हणायचं सोडलं हुतं. म्हणत हुता. आई म्हणायचा, पाणी मागायचा, कावळ्याला हाक मारायचा. मग एकेक शब्द गेला. मी कुणाला बोलले न्हाई. वाटलं, यील माघारी. त्यात पडला. सगळ्यांना कारण गावलं आणि सगळ्यांची चौकशी थांबली. कारण त्ये न्हवं, मला तवाच ठाऊक हुतं. पण ही पोरगी हुती पदरात. म्हटलं, रक्ताचं नाव निघण्यापरीस माझ्या हातांचं निघू दे.”

ती माझ्याकडं वळली. “आणि आज ही म्हणती, उद्या हिच्या हातांचं निघंल. मग माझ्या गप बसण्याचा उपेग काय झाला?”

मिरजेच्या बाईंनी मला जे समजावलं होतं, ते आईला वीस वर्षांपूर्वी दिसलं होतं. रोज एक शब्द कमी होताना ती एकटी ऐकत होती. आणि हे तिनं माझ्याशीसुद्धा बोललं नव्हतं. मला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

मामा रडत होता. मामा वाईट माणूस नाही, हे मला सांगितलं पाहिजे. त्याला फक्त भाची उजवायची होती.

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. “विचार करून कळवतो,” ते म्हणाले.

याचा अर्थ सोप्यातल्या प्रत्येकाला माहीत होता. चार दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप येतो, पत्रिकेत काहीतरी निघालं म्हणून, आणि दोन्हीकडच्यांची अब्रू राहते.

“कळवू नका तात्या,” मी म्हणाले. “आत्ताच सांगा. इथंच. निरूसमोर.”

“मग न्हाई,” ते म्हणाले. “तुझ्याशी खोटं बोलणार न्हाई. मला भ्या वाटतं.”

“तात्या,” रणधीर म्हणाला, “मला ह्ये सगळं आधीपासनं ठाऊक हाय. हिनं मला सांगितलेलं.”

“मग मला का बोलला न्हाईस?”

“भ्यालो.”

“मग बापाला कशाला नावं ठेवतोस,” तात्या म्हणाले आणि उठले. त्यांच्यामागं सगळे उठले. आई दारापर्यंत गेली, पुरण झालंय, जेवून जावा म्हणाली. कुणी थांबलं नाही. रणधीर सगळ्यांच्या शेवटी गेला आणि जाताना निरूच्या रेडिओकडं बघून थोडा घुटमळला. मी त्याच्याशी एक शब्दही बोलले नाही. तो राग यायलाच हवा होता आणि मला तो चांगला कडकडीत आला होता.

ते गेल्यावर मामा मला नको नको ते बोलला. अक्कल जास्त झाली, शिकवलं तेच चुकलं, आता कोण दारात येतंय बघतो. आईनं त्याला एकदाही उत्तर दिलं नाही. तिनं ताटं मांडली, निरूला पोळी वाढली, त्याला लागते तशी दूध न घालता, गुळवणी वेगळ्या वाटीत. पंचवीस माणसांचं पुरण घरात होतं. मी रडत होते.

“रड,” आई म्हणाली. “पण जेव.”

मामाही शेवटी जेवला. चार पोळ्या खाल्ल्या त्यानं, सगळा वेळ मला शिव्या देत. आई आमच्याबरोबरच बसली, आणि गल्लीतली एक बाई उंबऱ्यात येऊन काय झालं गं शालन म्हणून विचारायला लागली, तेव्हा घास न थांबवता म्हणाली, “लग्न मोडलं. निरू जन्मापासनंच तसा हाय, म्हणून मोडलं. आत ये, जेव.” ती बाई आत आली नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत झालं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. एकदा सगळ्यांना माहीत असलं की लपवायचं काम संपतं.

तर लग्न झालं का, हे तुम्ही विचारणारच. झालं, रणधीरशीच, पण त्याला मी सहज सोडलं नाही. तो प्रयोगशाळेत आला की त्याच्या काड्या मी दुसऱ्या मुलीकडं द्यायचे. असा त्यानं सबंध हंगाम काढला. दरम्यान तो एकटा मिरजेला त्या बाईंकडं जाऊन आला, आणि तिथून आल्यावर मणेराजुरीच्या चौकात, चार माणसांत बसून, आपला होणारा मेव्हणा कसा आहे आणि का आहे ते सांगायला लागला. ते माझ्या कानावर आलं तेव्हा मी त्याच्या काड्या परत माझ्याकडं घेतल्या. लग्नाला तात्या आले नाहीत. आत्या आली. वाजंत्री आम्ही ठेवली नाही, निरूला ती सोसत नाही. कानपिळीला निरू हातभर अंतरावर उभा राहिला, रणधीरनं स्वतःचा कान स्वतःच पिळून घेतला, आणि निरूनं त्याला सांगितलं की बागायतदारांनी योग्य ती काळजी घ्यावी.

माझी मुलगी आता शाळेत जाते. ती कशी आहे, तिच्यात ‘आलं’ का, हे मी सांगणार नाही. मला माहीत आहे, इथपर्यंत आलेल्या बहुतेकांना तेच जाणून घ्यायचं असतं. तात्यांनाही तेच जाणून घ्यायचं होतं.

ती झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी तात्या दवाखान्यात आले. लग्नापासून त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नव्हता. दारात उभे राहिले, आत या म्हटल्यावर आत आले आणि टोपी हातात घेऊन खिडकीशी थांबले. रणधीर औषधं आणायला खाली गेला होता. आई माझ्या उशाशी होती.

नर्सनं बाळाला अंघोळ घालून आणलं. मला अजून नीट उठता येत नव्हतं, म्हणून तिनं बाळ आईपुढं धरलं, आणि आईचे हात पुढं आले नाहीत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की निरूनंतर मी आईच्या हातात कुणाचंच मूल पाहिलेलं नाही. गल्लीतल्या बायका तिच्याकडं मूल देत नव्हत्या. बारशाला गेली तरी ती भिंतीशी उभी राहायची, हात पदराखाली घेऊन. इतकी वर्षं मी ते बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

“घे ना,” मी म्हणाले.

तिनं हात पुढं केले. नर्सनं मुलीला त्या हातांवर ठेवलं. तात्या खिडकीपासून एक पाऊल पुढं आले. मनात नसतानाही त्यांच्या तोंडून गेलं असावं.

“शालनताई, जरा सांभाळून.”

आईनं मुलीची मान कोपराच्या खोबणीत नीट बसवली, दुपट्याचं टोक आत खोचलं, आणि मगच वर बघितलं.

“तात्या, मी एक पाडून बघितलाय,” ती म्हणाली. “पाडल्यानं पोर तसं हुत न्हाई.”